मुंबईतल्या मोहाचा मालक

आये,

आज सकाळी मी राणीच्या बागेत गेले होते. होळी झाली की मुंबईतल्या माणसांना झाडं आठवतात, हे तुला मी कधी सांगितलं नव्हतं. रविवारी सकाळी टोप्या घालून, पाण्याच्या बाटल्या घेऊन वीस-पंचवीस जण जमतात आणि एक बाई त्यांना पळस कुठला, पांगारा कुठला, काटेसावर कुठली ते दाखवत फिरते. मागच्या रविवारी आम्ही ऑफिसातल्या चौघीजणी खाडीत होडीने रोहित पक्षी बघून आलो, त्याच्या आधीच्या रविवारी हायवेच्या कडेला गुलाबी फुलांच्या झाडांखाली उभं राहून फोटो काढले. मला हे सगळं आवडतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पळस बघायला तिकीट काढतात म्हटल्यावर तू मात्र पदर तोंडाला लावून हसली असतीस, आणि दुसऱ्या दिवशी खिचडी ढवळता ढवळता सगळ्या शाळेला सांगितलं असतंस.

तर आज ती बाई एका झाडाखाली थांबली आणि म्हणाली, हा मोह, ही फुलं खातात, चाखून बघा. सगळे खाली वाकले. कुणी तोंडात टाकली, कुणी तळहातावर ठेवून फोटो काढला, एकीने रुमालात बांधून घेतली. कोणी कोणाला विचारलं नाही. माझ्या शेजारी उभी असलेली ऑफिसातली एक म्हणाली, "तुम्ही डोळखांबकडच्या ना? तुम्ही तर पुष्कळ खाल्ली असतील." मी हो म्हटलं. हात पुढे केला नाही एवढंच.

तुझ्या हातचा मार मला फारसा आठवत नाही, पण एक फटका आठवतो, तो मोहाचाच. मी सहा-सात वर्षांची असेन. पाड्याच्या वरच्या अंगाला एका मोहाखाली फुलांचा सडा पडला होता, मी ओच्यात भरत होते. तू मागून आलीस, पाठीत एक धपाटा घातलास आणि ओचा तिथल्या तिथे रिकामा करायला लावलास. "तो आपला हाय का? ज्याचा हाय त्याला इचारलं का?" रान सरकारचं असलं तरी मोहाला घर असतं, हा मोह या घराचा, तो त्या घराचा, हे आपल्याकडे पोरांना चालायला लागल्याबरोबर कळतं. विचारून वेचायचं, आणि वेचलं तर मालकाला वाटा द्यायचा. मोह वाळवून डब्यात ठेवला की पावसाळ्यात भूक भागते, त्यामुळे यात कोणी थट्टा करत नसे.

सहावीत असताना गुरुजींनी आमची सहल मुंबईला काढली. पोरांना सांभाळायला आणि डबे वाटायला शाळेत खिचडी शिजवणारी म्हणून तू बरोबर होतीस. अंधारात एसटी निघाली आणि दहाच्या सुमाराला बागेत पोचली. बागेत दोन तास, मग मत्स्यालय, मग चौपाटी असं गुरुजींनी ठरवलं होतं, आणि उशीर झाला तर चौपाटी रद्द, असा दमही भरला होता. समुद्र मी पाहिला नव्हता. मला वाघ नको होता, हत्ती नको होता, मला फक्त ती चौपाटी हवी होती.

आणि तुला मोह दिसला. खाली फुलं पडलेली आणि एक झाडूवाला ती पाचोळ्याबरोबर लोटतो आहे. तू आधी त्याचा झाडू धरलास. मग विचारलंस, "ह्यो मोह कोनाचा हाय?" तो म्हणाला, कोणाचा नाही, बागेचा आहे. तुला ते पटलं नाही. "कोनाचा तरी असंल ना. झाड काय असंच उभं ऱ्हातं?" मग तू पहारेकऱ्याकडे गेलीस, तो हसला. तिकिटाच्या खिडकीशी गेलीस, तिथे रांगेतली माणसं हसली. तू परत येऊन झाडाखाली उभी राहिलीस. घ्यायचं तर विचारून, आणि केरात जाऊ द्यायचं तर तेही जिवावर आलेलं. तिकडे गुरुजींची शिट्टी वाजत होती. मला तुझी लाज वाटली आणि चौपाटीची काळजी वाटली, त्यातलं जास्त काय वाटलं ते आता सांगता येणार नाही. पलीकडच्या बाकावर चष्मा लावलेला एक म्हातारा पेपर वाचत बसला होता. मी त्याच्यापर्यंत पळत गेले, काही न बोलता परत आले आणि तुला म्हटलं, "त्यांचा हाय मोह. घ्या बोलले."

तू लांबूनच त्याला हात जोडलेस. त्याने पेपरावरून पाहिलं आणि गोंधळून त्यानेही जोडले. तू पदरभर वेचलंस आणि अर्धं त्याला द्यायला निघालीस, तेव्हा मी म्हटलं, वाळवून पुढच्या वर्षी द्या बोलले. संध्याकाळी मी समुद्र पाहिला. मोठा होता.

पुढच्या वर्षी सहल निघाली तेव्हा तू आली नाहीस, पण माझ्या हातात फडक्याची पुरचुंडी दिलीस, मालकाचा वाटा म्हणून. ती आम्ही मुलींनी एसटीत खाल्ली. घरी आल्यावर तू विचारलंस, "काय बोलला तो?" मी सांगितलं, गोड हाय बोलले. तिथून ते सुरूच झालं. मी मुरबाडला कॉलेजात गेले, कल्याणला नोकरीला लागले, मग मुंबईत आले, आणि दरवर्षी चैत्रात पुरचुंडी येत राहिली, आणि मी ती त्याला पोचवली म्हणत राहिले. तू विचारायचीस म्हणून मी त्याला बायको दिली, तिला दमा दिला, एक सून दिली, तिचं आणि सासूचं पटत नसे. तू दम्यावर अडुळशाचा पाला धाडलास. रेशनच्या रांगेत तू बायकांना सांगायचीस, मुंबईत आपला मानूस हाय. खोट्याच्या कपाळी गोटा म्हणतात, माझ्या कपाळी काही बसला नाही. उलट मला ते जमायला लागलं. तुझा आवाज फोनवर थकलेला वाटला की तो म्हातारा तुला तब्येतीला जप म्हणायचा. तू कुणाचं भांडण सोडवलंस की तो म्हणायचा, बाई शहाणी आहे. आपल्या घरात असं कोणी कोणाला म्हणत नाही. जेवलीस का, एवढं विचारलं की झालं.

शेवटी तू शहापूरला दवाखान्यात होतीस. दुपार होती, पंखा चालू होता. तू म्हणालीस, "त्याला कळवलंस का?" मी म्हटलं, कळवलं. "मंग? काय बोलला?" मी तुझी चादर सारखी केली. मग म्हटलं, "बोलला, तुमच्या आयेसारखा मानूस मी दुसरा पाह्यला नाय." तू म्हणालीस, "येडाच हाय," आणि भिंतीकडे तोंड केलंस. तुझे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने ते मी पाहिलं नाही. याला आता बारा वर्षं झाली.

त्याच्या नावावर मी इतकी वर्षं जे काही खपवलं, ते सगळं माझं होतं, आये. तो म्हातारा तुझ्याशी एक अक्षरही बोलला नाही. हे पत्र धाडायची सोय असती तरी तुला वाचता येत नव्हतं, म्हणजे उंबऱ्यात बसून वाचून दाखवायला मीच आले असते. आणि खरं सांगायचं तर, ‘ते सगळं माझं होतं’ ही वरची एक ओळ मी तेव्हाही गाळलीच असती.