खाऱ्या पाण्याची ड्यूटी

४ फेब्रुवारी

हेडफोन काढून घेतला. मॅडम म्हणाल्या, "शिक्षा नाही हं ही. चौकशी संपेपर्यंत फक्त." अकरा वर्षं अँब्युलन्सच्या फोनवर बसले. आता काय, तर रिसेप्शनमध्ये काचेची टाकी बसवायची — समुद्राचं पाणी, प्रवाळ, मासे. स्टाफच्या मनावरचा ताण कमी व्हावा म्हणून वरून मंजुरी आलीय!

आईला काही बोलले नाही. रोजच्यासारखा डबा घेऊन निघाले.

५ फेब्रुवारी

लिहूनच टाकते एकदाचं. एकोणीस जानेवारी, सकाळचे पावणेअकरा. एका माणसाचा फोन. बायको स्वयंपाकघरात कोसळली, श्वास नाही. पत्ता टाइप केला — घर नंबर बावीस. छाती कशी दाबायची ते सांगितलं, त्याच्याबरोबर आकडे मोजत राहिले. मागे मुलं रडत होती. दोन असावीत. तेवढ्यात गाडीवाल्यांचा निरोप — बावीसला कुलूप आहे. परत विचारलं तर तो ओरडला, "बेचाळीस! बेचाळीस!" गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये खोदकाम. नऊ मिनिटं गेली.

ती गेली.

पत्ता उलट विचारून खात्री करायची असते. मी रोज करते. त्या दिवशी केली का? डोकं फोडून घेतलं तरी आठवत नाही. टेप मला ऐकू देत नाहीत.

९ फेब्रुवारी

शोभेचे मासे विकणाऱ्या काकांच्या दुकानात गेले. चष्मा दोरीने गळ्यात, शर्टाच्या बाह्या कायम ओल्या. मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घाई असेल तर कुत्रा पाळा. हे काम सावकाशीचं."

साठ लिटरची टाकी. फिल्टरचं पाणी बादलीत घेऊन मीठ ढवळायचं, खारटपणा दाखवणारा काटा बघायचा, परत ढवळायचं. दोन तास हात चालू होते. दोन तास कुणाचा आवाज कानात नव्हता. बरं वाटलं — आणि मग बरं वाटल्याची लाज वाटली.

११ फेब्रुवारी

समुद्रातले दगड आले. कसला घाण वास! सगळे नाक धरून जातायत. काका म्हणाले, "दगडावरचे निम्मे जीव आता मरणार. ते कुजेल, पाणी विषारी होईल. मग ते विष खाणारे बारीक जंतू वाढतील. पाणी स्वच्छ झालं की मासा. तोवर हात लावायचा नाही, नुसतं मोजत बसायचं."

मोजायला मी हुशारच आहे म्हणा.

१४ फेब्रुवारी

काकांनी सांगितलेलं विष, अमोनिया, वर. दगडांवर तपकिरी साय धरलीय.

१८ फेब्रुवारी

आईने पकडलं. "डबा तसाच्या तसा परत येतो. काय झालंय?" सांगून टाकलं सगळं. म्हणाली, "माणसाचाच कान आहे तो." आणि कपड्यांच्या घड्या घालायला आत गेली. थोड्या वेळाने आतूनच, "मुलं केवढी आहेत गं त्याची?"

माहीत नाही म्हटलं.

२४ फेब्रुवारी

उद्या वरचे साहेब येणार म्हणून मॅडमनी परस्पर दोन मासे आणवले. केशरी, अंगावर पांढरे पट्टे. मी म्हटलं, पाणी अजून तयार नाही, मरतील. "अगं, मग साहेबांना काय नुसते दगड दाखवू?" त्यांनीच पिशवी रिकामी केली. मी बघत राहिले.

२६ फेब्रुवारी

एक गेला. जाळीने काढला तेव्हा हाताला वजनसुद्धा लागलं नाही. दुसरा हीटरच्या मागे, धापा टाकतोय. निम्मं पाणी बदललं. साहेब टाकीकडे न बघताच लिफ्टमध्ये शिरले होते.

६ मार्च

अमोनिया शून्य. त्यापासून होणारं दुसरं विष, नायट्राइट, तेही शून्य. उरलेला मासा खायला लागलाय! काकांनी दोन गोगलगायी दिल्या आणि प्रवाळाचा एक तुकडा — बटणांसारखी हिरवी तोंडं. दिवा लागला की उघडतात, हात नेला की मिटतात. फोनवर माझ्या शेजारच्या खुर्चीत बसणारी मैत्रीण येऊन जाते. "मजा आहे बाई तुझी!" म्हणाली, आणि मग जीभ चावली.

११ मार्च

आज तो आला.

चौकशीच्या कागदावर सही करायला. मॅडम मीटिंगमध्ये, म्हणून रिसेप्शनमध्ये बसवलं. मी कोपरापर्यंत हात पाण्यात घालून काच घासत होते.

"ताई, हा एकटाच आहे का?"

चेहरा कधी पाहिला नव्हता. आवाज ओळखला. हात पाण्यातच राहिला.

"दोन होते. एक गेला."

"मग हा खातो?"

"आता खातो."

"माझा धाकटा नाही खात," तो म्हणाला. इस्त्री नसलेला शर्ट, एक बटण चुकीच्या काजात. मग टाकीकडेच बघत — "फोन घेतला त्या बाईंना भेटू देत नाहीत मला. भांडायचं नाहीये हो. किती छान मोजत होत्या त्या माझ्याबरोबर! फक्त त्यांना विचारायचंय — घराचा नंबर तेवढा का नाही ऐकलात?"

"पाणी आणू का प्यायला?" असं म्हटलं मी. पाणी!

आणून दिलं. प्यायला. "थँक्यू ताई," म्हणाला.

१२ मार्च

भित्री. दुसरं काही नाही.

१६ मार्च

ठरवलं. चौकशीत सरळ कबूल करायचं — माझ्या कानाची चूक. नोकरी गेली तर गेली. मग त्याच्या घरी जायचं आणि तोंडावर सांगायचं की ती बाई मी. आईला म्हटलं. म्हणाली, "मी येते बरोबर."

१९ मार्च

चौकशी झाली. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी टेप लावली.

"घर नंबर बावीस." त्याचाच आवाज, स्वच्छ. मी विचारतेय, "बावीस ना?" "हो हो, बावीस, लवकर या!"

नोव्हेंबरपर्यंत ते बावीसमध्येच राहायचे. ते घर रिकामंच पडलंय. घाबरल्यावर तोंडात जुना नंबर आला, बस.

"सुटलीस बाई!" मॅडमनी पाठीवर हात ठेवला. "सोमवारपासून फोनवर ये."

मी म्हटलं, त्याला कळू देऊ नका. चूक माझ्याच नावावर राहू दे. मॅडम म्हणाल्या, "वेडी का तू? टेप ऐकायचा अर्ज त्यानेच केलाय. मंजूर झालाय."

उद्या अकरा वाजता ऐकवणार. खोलीत त्याच्या शेजारी बसायची परवानगी मागितली. मिळाली.