विमलताईंच्या कुड्या

नल्लकुंटा, मंगळवार, १२ जुलै १९९४

भट्टी मी बांधली, मूस मी केली, तार मी ओढली आणि कुड्यांच्या फिरक्यांचे आटेसुद्धा मीच पाडले. गुरू कुणी नाही.

शेजारच्या विमलताईंच्या कानांत लग्नापासून काही टिकलं नाही. सोन्याच्या कुड्या घातल्या तरी कान चिघळायचे. दोष सोन्याचा नव्हताच. मागची फिरकी बाजारातली, गिलटाची! मी सगळं चांदीत केलं. निव्वळ चांदीचे आटे झिजतात, म्हणून शंभरात साडेसात भाग तांबं. बस, एवढंच.

आज कुड्या घालून महिना झाला, कान कोरडे. ताई आरशासमोरून हलेनात. "भाऊ, हे माझेच कान ना?" एवढीशी फिरकी, आणि इतकी वर्षं बाईचे कान ओकेबोके? अजून खरं वाटत नाही.

ताईंनी सगळ्यांना सांगितलं असणार. संध्याकाळी बेगम बाजारचा एक व्यापारी दारात.

"उस्ताद, इन कुड्यों की डब्बी पे लिखेंगे. शुगर, बीपी, जोड़ों का दर्द, सब गायब! टीवी पे भी देंगे."

"कान नै सूजते, इत्ताच मालूम मेरेको."

"तो बाकी का हम बोलते ना!"

मिश्रणाची कृती आणि डबीवर माझं नाव, दोन्हींचे मिळून पन्नास हजार रोख देत होता. मी नको म्हणालो.