झाडांपासून चाळीस हात

ग्रेनाडा, मिसिसिपी
१४ जुलै

प्रिय थर्मन,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आम्ही ठीक आहोत. उकाडा मात्र असा, की सकाळी आठलाच तळ्यावरची बोट तापते. तुझ्या गुडघ्याचं कॉरीनकडून कळलं. चालतोस ना नीट?

तुझी ही भाची आता मला हुकूम सोडते. या महिन्याच्या सुरुवातीला तिनं माझ्या बोटीला सोनार, म्हणजे पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र, बसवलं. मी म्हटलं, "मासे टीव्हीवरच बघायचे, तर घरी बसलेलं काय वाईट?" ती म्हणाली, "आई, जरा गप्प बस आणि पडद्याकडे बघ."

बघितलं. पाण्याखालचं सगळं दिसतं रे! क्रॅपी मासे म्हणजे पडद्यावर पांढरे ठिपके. पप्पा सांगायचे ना, आमिष माशाच्या हातभर वर धरा, खाली गेलं की तो ढुंकूनही बघत नाही? अगदी तस्संच. एक ठिपका सावकाश वर आला आणि गळाची काठी वाकली. मी पोरीसारखी किंचाळले.

दुसऱ्या दिवशी एकटीच पप्पांच्या मासे धरायच्या जागेवर गेले. आपण तिघांनी माशांना आसरा म्हणून नाताळची टाकून दिलेली झाडं सिमेंटचे ठोकळे बांधून बुडवली होती, तिथं.

तिथं काही नाही. झाडं कधीच कुजून गेली, दोन ठोकळे तेवढे दिसले. आणि चाळीस हातांवर, बुडालेल्या ओढ्याच्या कडेला, वीस फूट खोल, ठिपकेच ठिपके. शंभर तरी असतील. मासे कुणी नेलेच नव्हते. आसरा गेला, पाणी तापलं, म्हणून ते खोल सरकले, एवढंच.

पप्पांना पुरून आलो त्या दुपारी, सगळे जेवत असताना, मी तुला म्हणाले होते, "जागेचं गुपित तूच फोडलंस. तुझ्या मेम्फिसच्या मित्रांनी सगळं उपसून नेलं." तू म्हणालास, "ताई, मी कुणाला सांगितलं नाही गं." मी तोंड फिरवलं. त्याला अकरा वर्षं झाली.

तू खरं बोलत होतास. माझं चुकलं, थर्मन. एवढं लिहायला मला नऊ दिवस लागले.

नवी जागा इथं लिहीत नाही. पत्र कुणाच्या हाती पडेल, नेम नाही. कॉरीनलाही सांगितलेली नाही. बोटीतल्या पुढच्या खुर्चीत पाय लांब करता येतो, मी बसून पाहिलंय. येऊन तूच बघ.

तुझी ताई, अजून म्हणणार असशील तर,
वर्लीन