पहिल्या मजल्यावरचं सलून

४ जून

चि. भिंगरीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

नदी पुन्हा सलूनमध्ये येऊन गेली. सहा वर्षांत तिसऱ्यांदा. तुम्ही विमा कंपनीवाले सांगता, असा पूर शंभर वर्षांतून एकदा येतो. म्हणजे मी आता तीनशे वर्षांची झाले, तरी केस काळेभोर. खुर्च्यांत गाळ, ड्रायर मुके. त्यात तुझ्याच कंपनीचं पत्र: या दुकानाचा विमा यापुढे होणार नाही. खाली कुणाची तरी गिचमीड सही. तो गृहस्थ भेटला तर सांग, आत्याकडे केस कापायला ये, पण कान घरी ठेवून ये.

तुझी चिडलेली आत्या

११ जून

ती. आत्यास सा. न. वि. वि.

ती गिचमीड माझी. दोन्ही कान हजर आहेत.

शंभर वर्षांचा तो अंदाज जुन्या पावसावरून बांधलेला. हवा तापली की जास्त पाणी धरून ठेवते आणि एका दुपारीत ओतून मोकळी होते. तुझ्या गल्लीत आता दर दोन वर्षांत एक पूर धरावा लागतो. एवढ्या भरपायांनी सगळ्यांचे हप्ते वाढतात, म्हणून कंपनी तळमजले नाकारतेय. तुझी फाईल मी दोन दिवस दाबून ठेवली होती. मग वाटलं, विमा चालू राहिला तर तू तिथेच चिकटून बसशील, आणि एखाद्या वेळी पाणी तुझ्यासाठी थांबणार नाही. सही केली आणि रडले. वरच्या मजल्याचा विमा होतो, मी विचारलंय. वर जा ना गं.

तुझी गुन्हेगार भाची, भिंगरी

२ जुलै

चि. भिंगरीस आशीर्वाद, आणि थोडे कमीच.

दोन दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडले, तिसऱ्या दिवशी वर गेले. वर दातांचे डॉक्टर, विधुर, तोंडातून शब्द फुटेल तर शपथ. त्यांनी अर्धी खोली दिली. मध्ये फक्त पडदा. काल एक आजोबा माझ्या खुर्चीत बसले आणि त्यांनी आ वासला. मला वाटलं, जांभई. डॉक्टर येईपर्यंत अर्धं डोकं भादरून झालं होतं. पलीकडे केस रंगवायला आलेल्या बेकरीवालीची अक्कलदाढ तपासली गेली, आणि खरंच किडलेली निघाली. दोघंही खूश होऊन गेले.

माया कमी झालेली नाही, फक्त वाळत घातली आहे.

आत्या

१९ सप्टेंबर

चि. भिंगरीस पोतंभर आशीर्वाद.

परवा पाणी आठव्या पायरीपर्यंत चढलं. माझ्या जुन्या दुकानाच्या दारावरून मासे गेले म्हणतात. सगळी गल्ली आमच्याकडे वर आली. बेकरीवालीने पाव आणले, मी सगळ्यांचे केस फुकट कापले. इथे एक टॉवेलही भिजला नाही. तुझी सही बरोबर होती. एवढं एकदाच लिहीन.

शेवटी डॉक्टरांची दाढी करत होते. अर्धी झाली असताना ते म्हणाले, "तो पडदा काढून टाकू या का? कायमचा?" मी म्हटलं, आधी बोलणं थांबवा, वस्तरा गालावर आहे. मग उरलेली अर्धी करता करता हो म्हटलं. तेवढ्यात वस्तरा घसरला, हनुवटीला बारीक जखम झाली. तेवढ्याची भरपाई तुमची कंपनी देते का, विचारून कळव.

लोभ आहेच, आता दोघांचा.

आत्या