इंग्रजी शब्द आला की बाद

मंगळवार, ४ मार्च

झाले बाई मी मास्तरीण! मी! चौथी नापास! ज्या बोटांवर मास्तरांनी पट्ट्या ओढल्या त्याच बोटांत आज लिहायचा पेन धरला, तोही पांढऱ्या गुळगुळीत फळ्यावरचा. उलटा धरला. बोट काळं झालं ते दोनदा साबण लावूनही काळंच.

झालं असं – इथे परदेशात लायब्ररीच्या मागच्या खोलीत आपल्या भाषेचा वर्ग भरतो. मंगळवारी आणि शुक्रवारी, मुलांची शाळा सुटली की. शिकवणारी पोरगी बाळंतपणाला गेली. लायब्ररीतल्या बाई आपल्यातल्याच, आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. म्हणाल्या, "आजी, तुम्हीच या ना. तुम्हाला बोलायला आवडतंच." टोमणा होता की काय? असेना का! त्यांचा चहा गार व्हायच्या आत मी हो म्हणून मोकळी.

अट मात्र कडक आहे. महिना संपायच्या आत सरकारी तपासनीस येणार. मुलांनी दहा मिनिटं आपल्या भाषेत बोलून दाखवायचं. इंग्रजीची कुबडी घ्यायची नाही. नाही जमलं तर वर्ग बंद आणि खोली कराटेवाल्यांना!

मुलं नऊ. नववी आमची भिंगरी.

बुधवार, ५ मार्च

भिंगरी म्हणजे नात. आठ वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून भिंगरी. मी हिला न्हाऊमाखू घातलं, मांडीवर झोपवलं, आणि आता हिच्याशी माझं बोलणं म्हणजे मुक्यांचं नाटक! मी बोलते ते तिला अर्धंमुर्धं कळतं. ती बोलते ते मला काही म्हणजे काही कळत नाही. माझं इंग्रजी येस, नो आणि सॉरीपाशी संपतं.

शाळेतून आली की सगळं सांगते हो मला. हात नाचवून, डोळे मोठ्ठे करून. मी तोंडाकडे बघून ठरवते कुठे हसायचं ते. परवा चुकलं. पोट धरून हसले. नंतर सुनेनं सांगितलं – कुणाचा तरी ससा मेला होता.

ती रडली नाही. पण दोन दिवस मला काही सांगितलं नाही.

म्हणून हा वर्ग बंद पडून चालणार नाही. कराटे गेलं खड्ड्यात.

शुक्रवार, ७ मार्च

आज रंग शिकवले. लाल, पिवळा, हिरवा. जांभळा म्हणेपर्यंत चार मुलं आडवी झाली. एक मुलगा आहे, पुढचे दोन दात पडलेत, त्याला मी दातपड्या म्हणते – तो तर घोरायलाच लागला. खोटं खोटं. पण छान घोरतो!

मग काय झालं, दातपड्या पाणी प्यायला उठला आणि भिंगरी त्याच्या खुर्चीत जाऊन बसली. तो आला. ती उठेना. दोघं इंग्रजीत कचाकचा. माझं डोकं फिरलं. मी कमरेवर हात ठेवले आणि सुटले – "अगं ए महाराणी! खुर्ची काय तुझ्या आजोबांनी घडवली? ऊठ आधी! आणि तू रे टिकोजीराव, ओरडतोस काय असा? गाव गोळा करायचंय?"

सगळी तोंडं माझ्याकडे वळली.

आणि मग दातपड्या हळूच म्हणाला, "पुन्हा."

पुन्हा! हे एवढं आपल्या भाषेत म्हणाला! मी पुन्हा केलं. मग जुळ्या बहिणी म्हणाल्या, आम्ही करतो. मग सगळ्यांनी केलं. घरी जाताना जिन्यात नऊ जणं एकमेकांना महाराणी आणि टिकोजीराव म्हणत होती. रंग कुणालाही आठवत नव्हते. जांभळा तर नाहीच नाही.

मंगळवार, ११ मार्च

रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खोटं कशाला लिहू? गाढ झोपले. सकाळी दात घासताना सुचलं. गोड बोलणं काय, कुठल्याही भाषेत होतं. नुसतं हसलं तरी होतं. भांडायला मात्र शब्दच लागतात, आणि लागतात ते लगेच! रागावलेलं माणूस पुस्तक उघडून बघत बसत नाही.

तर आजपासून भांडण हाच धडा. नियम मी केले. हात उचलायचा नाही. आईबाप काढायचे नाहीत. आणि इंग्रजी शब्द आला की बाद! बाद झालेल्यानं भिंतीला टेकून उभं राहायचं.

पहिल्याच भांडणात घोटाळा. एक जुळी म्हणाली, "माझ्या टेबलावरून हात काढ." दुसरी ओरडली – टेबल इंग्रजी, बाद! पहिली रडकुंडीला आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आता आली का पंचाईत! मी म्हटलं, "टेबल आता आपलंच. आपल्या घरात येऊन त्याला जमाना झाला. माझी सून कुठे आमच्या घरात जन्मली होती? पण आज ती नसली तर घर चालेल?"

हे सुनेला कुणीतरी जाऊन सांगितलं. (भिंगरीनंच. अजून कोण!) सून दिवसभर शिवणाच्या दुकानात मशीनवर वाकलेली असते, पाठ धरून घरी येते. आज आल्या आल्या म्हणाली, "आई, मी टेबल काय?" मी म्हटलं, "चार पायांवर उभी असतेस म्हणून म्हटलं गं." खूप हसली. मग मला पाठीला तेल लावायला सांगितलं. सूनबाई आज पहिल्यांदा स्वतःहून काही मागत होती, हे मला तेल लावताना लक्षात आलं.

शुक्रवार, १४ मार्च

वर्ग काय रंगला! "डोळे फुटले का?" "चोराच्या उलट्या बोंबा!" "आधी स्वतःचं नाक पूस!" दातपड्याला दात नाहीत म्हणून त्याचं "फुटले" फुर्रकन उडतं, समोरच्यावर थुंकीसकट. त्यामुळे तो नेहमी जिंकतो.

एक मुलगी आहे, तिचा आवाज मी ऐकलेलाच नाही. आज तिची पाळी आली तर उभी राहिली, बराच वेळ विचार केला आणि म्हणाली, "तुमच्याशी भांडायला मला वेळ नाही." आणि खाली बसली. सगळा वर्ग गार! असं भांडण मला साठ वर्षांत जमलं नाही.

खुशीत येऊन मी घरचा अभ्यास दिला – घरी एक भांडण करून या.

शनिवार, १५ मार्च

देवा रे.

रविवार, १६ मार्च

आता जरा शांतपणे लिहिते.

जुळ्यांचा बाप रात्रपाळी करून घरी आला तर दोघी दारात आडव्या. "आलात उंडारून?" माणूस सोफ्यावर बसला तो उठेचना.

दातपड्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. डॉक्टर आपल्यातले, हे कुणाला ठाऊक! त्यानं सांगितलं, "हात काढा, नाहीतर चावेन. शहाणे लागून गेलात!" डॉक्टरांना म्हणे आधी राग आला, मग आपली आजी आठवली, मग त्यांनी दात काढलाच नाही. त्याची आई संतापली. परत वेळ मिळायला महिना लागतो.

आणि आमची भिंगरी. बापाला म्हणाली, "सारखं मोबाइलमध्ये तोंड! माणसं दिसतात का घरातली?"

आमचा चिरंजीव बस चालवतो. दिवसभर लोकांचं ऐकून घेतो. हे मात्र त्यानं ऐकून घेतलं नाही. माझ्याकडे आला. "आई, हे शिकवतेस? उद्या हिला इंग्रजीच लागणार आहे. नोकरी काय भांडणावर मिळते?"

मी म्हटलं, "लागू दे की! मी कधी म्हटलं इंग्रजी नको? मला येत नाही म्हणून मी काय काय गमावलं ते मला माहीत. ससा मेला तेव्हा मी हसले!"

त्याला ससा माहीत नव्हता. सांगितला.

मग त्यानं मोबाइल खिशात ठेवला.

मंगळवार, १८ मार्च

पाच आईबापांनी मिळून वर तक्रार केली. लायब्ररीतल्या बाई धापा टाकत खाली आल्या. "आजी, तपासनीस याच शुक्रवारी येतायत! आणि तक्रार वाचून येतायत!"

मग आज सभ्य बोलणं शिकवलं. माझं नाव अमुक. मला छंद तमुक. मुलं पुन्हा आडवी. दातपड्या घोरला. या वेळी खरा.

गुरुवार, २० मार्च

भिंगरीला म्हटलं, उद्या नीट बोल हं. ती म्हणाली, "येस, आजी." येस!!

शुक्रवार, २१ मार्च

लिहिते. सगळं लिहिते.

तपासनीस बाई आल्या. माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. करडा कोट, पाठ ताठ, हातात फायली. म्हणे इथल्या छोट्या छोट्या भाषांच्या वर्गांची तपासणी हेच यांचं काम, सात भाषा पुस्तकातून शिकल्यात. आपलीही येते. पण कशी! बातम्या वाचल्यासारखी. मला म्हणाल्या, "आपण कुशल आहात ना?" मी घाबरून म्हटलं, "नाही हो, नुसती आजी आहे."

टेबलावर घड्याळ ठेवलं. "बालकांनो, आपणांस कोणता छंद आहे?"

गप्प.

"आपणांस कोणता ऋतू प्रिय आहे?"

गप्प. ऋतू म्हणजे काय हे विचारायला एकानं माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे बघितलं. तीन मिनिटं गेली. बाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि पुन्हा घड्याळाकडे बघितलं. मला दिसायला लागलं – खोलीत कराटे, आणि घरात भिंगरी आणि मी, समोरासमोर, मुक्यांचं नाटक. जन्मभर.

तेवढ्यात दातपड्या उठला. "घड्याळाकडे काय बघताय सारखं? गाडी चुकतेय का तुमची?"

मी डोळे मिटले.

"उद्धट बालक!" तपासनीस बाई.

"बालक कुणाला म्हणता?" ही आमची भिंगरी! "तो काय पाळण्यात आहे? आणि ऋतू ऋतू काय करताय? सरळ विचारायला काय होतं?"

"मी शासकीय कामासाठी आले आहे!"

"मग आम्ही काय खेळायला आलोय?" जुळ्या, एका सुरात. "आमच्या खोलीत येऊन आमच्यावरच डोळे वटारता! चोराच्या उलट्या बोंबा!"

बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, चालल्या. छे! त्यांनी कोट काढून खुर्चीवर टाकला! गाल लाल झाले होते. "तुम्हांस मोठ्यांशी बोलण्याची रीत कोणी शिकवली?"

नऊ बोटं माझ्याकडे.

"आमच्या आजींना काही बोलायचं काम नाही!" दातपड्या फुर्र करून. "आधी स्वतःचं बघा!"

काय सांगू! एकीकडे नऊ, एकीकडे एक. बाई हरेनात! "अविचारी!" म्हणायच्या, "वाचाळ!" म्हणायच्या, आणि मुलं तोडीस तोड. घड्याळाकडे कुणाचंही लक्ष नव्हतं, त्यांचंसुद्धा. दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. मग ती गप्प मुलगी उठली आणि शांतपणे म्हणाली, "तुमच्याशी भांडायला मला वेळ नाही."

बाईंच्या तोंडून निघून गेलं, "एक्स्क्यूज मी!"

"बाद!" नऊच्या नऊ ओरडले. "इंग्रजी! बाद! भिंतीला! भिंतीला!"

आणि गेल्या हो त्या! सरकारी तपासनीस, फायली टेबलावर टाकून, भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. केस विस्कटलेले. आधी श्वास घेतला, मग हसायला लागल्या, मग हसू थांबेना. डोळ्यांतून पाणी आलं. मुलांना वाटलं जास्तच झालं. भिंगरीनं त्यांना पाण्याचा पेला नेऊन दिला.

माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. कोट हातात घेऊनच गेल्या.

शनिवार, २२ मार्च

काही नाही. चुकून उशाला पेन ठेवून झोपले. आता गालपण काळा.

गुरुवार, २७ मार्च

पत्र आलं!! सुनेनं मशीन थांबवून दुकानातच वाचून दाखवलं, गिऱ्हाईक समोर उभं. "संभाषण – ओघवते. विषय – अयोग्य. शिक्षिका – अप्रशिक्षित. निर्णय – वर्ग सुरू ठेवावा."

अप्रशिक्षित म्हणजे काय विचारलं. सून म्हणाली, "चांगलं असतं, आई."

तक्रारवाल्यांपैकी जुळ्यांचा बाप संध्याकाळी भेटला. म्हणाला, मुली रोज दारात वाट बघतात. आता तोही म्हणे बसमध्ये बसल्या बसल्या उत्तरं जुळवत येतो. काल तरी जिंकला का विचारलं. मान हलवली बिचाऱ्यानं.

रविवार, ३० मार्च

दुपारी दार वाजलं. तपासनीस बाई. सुट्टीच्या दिवशी! भिंगरी आणि मी दोघीच घरात. बसा म्हटलं, बसल्या नाहीत.

म्हणाल्या, "माझी स्वतःची भाषा आमच्या तपासणीच्या यादीत नाही. यादीत येण्यास ती भाषा बोलणारी मुले लागतात. माझ्या आईस जाऊन सहा वर्षे झाली. त्यानंतर त्या भाषेत माझ्याशी कलह करण्यास कोणीही उरलेले नाही."

पुस्तकातलं बोलणं. पण मला सगळं कळलं.

मी म्हटलं, "करा सुरुवात."

त्यांनी दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि सुटल्या! काय ती भाषा! मला ओ की ठो कळेना. टाळूला लागून येणारे आवाज, मध्येच काहीतरी गाण्यासारखं. पण मी पदर खोचला आणि माझ्या भाषेतलं दिलं ठेवून. त्या एक बोलल्या की मी एक. किती वेळ कुणास ठाऊक. हळूहळू मी थांबले. त्या थांबल्या नाहीत. एकट्याच बोलत राहिल्या, माझ्याकडे न बघता, आवाज खाली खाली येत गेलेला.

भिंगरी दारात उभी होती. हळूच म्हणाली, "आजी, कोण जिंकलं?"

मी म्हटलं, "गप गं. बोलू दे त्यांना."