तुमच्या भावाचं चीज

तीर्थरूप वन्संना शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचे गुडघे आता कसे आहेत? जिने चढू नका. आमची खुशाली विचाराल तर मी बरी आहे, दूध बरं नाही.

तुमच्या भावाच्या वाढदिवसाला तुम्ही पाठवलेला चीज बनवायचा संच पोचला. (पायमोजे पाठवले असतेत तर निदान पायात गेले असते.) हेतू चांगला होता, मान्य. निवृत्तीच्या निरोप समारंभात साहेबांनी भाषणात यांचं नावच चुकीचं घेतलं, तेव्हापासून हे बाल्कनीतल्या खुर्चीत तोंडाला कुलूप लावून बसलेले. जेवायला हाक मारली तरी उत्तर मानेनं. त्यांना बोलतं करायला काहीतरी हवंच होतं. पण म्हणून चीज? ज्या माणसाला आयुष्यात स्वतःचा चहा गाळता आला नाही, त्याच्या हाती तुम्ही चार लिटर दूध दिलंत!

पहिल्याच दिवशी माझं स्वयंपाकघर गेलं. संचातल्या थर्मामीटरवर यांचा विश्वास नाही, म्हणून घरातला तापाचा घेतला, दुधात बुडवला आणि "ताप नाही" असं मला गंभीरपणे सांगितलं. (आता मला कणकण आली तर मी नुसता कपाळाला हात लावते.) विरजणाला विरजण म्हणायचं नाही, कल्चर म्हणायचं. आपल्या घरात कल्चर नव्हतंच, असं म्हणाले. रोख कोणावर होता ते मी विचारलं नाही. संचातल्या कागदावर ठळक छापलंय की दूध उकळू नका, उकळलेलं दूध रेनेटनं धरत नाही. (रेनेट म्हणजे दूध घट्ट करणारे थेंब. बाटली करंगळीएवढी, तोरा केवढा!) पण तुमच्या माहेरची शिस्त! कच्चं दूध म्हणजे रोगराई, हे तुमच्या आईंनी शिकवलेलं, तेव्हा तीन उकळ्या आल्याखेरीज हे पातेलं उतरवत नाहीत. मग ते कोमट होऊ द्यायचं, थेंब टाकायचे आणि झाकणाला कान लावून बसायचं. दूध पातळ ते पातळच. मी कागद नाकासमोर धरला तर म्हणाले, "कागद लिहिणाऱ्याला काय कळतंय?"

असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा हे चिडले नाहीत, वन्सं, आणि तिथे मला भीती वाटली. दूध मोरीत ओतलं, खुर्ची पुन्हा रस्त्याकडे वळवली आणि म्हणाले, "इतक्या वर्षांच्या कष्टांचं चीज झालं नाही, दुधाचं कुठून होणार?"

म्हणून चौथ्या वेळी थेंब टाकून झाले आणि बेल वाजली (कुरिअरवाला, जन्मात पहिल्यांदा उपयोगी पडला), हे दाराकडे गेले, तेवढ्यात मी पातेल्यात दोन लिंबं पिळली. सहीसाठी पेन घ्यायला परत येऊन बघतात तर गाठीच गाठी! "धरलं! अगं धरलं!" असे ओरडले की कुरिअरवाला सही न घेताच पळाला. नासलेल्या दुधाला एवढा मान कुठल्या घरात मिळाला नसेल. तो गोळा फडक्यात बांधून त्यावर वजन म्हणून माझं शिलाई मशीन ठेवलं. तेव्हापासून तोंड जे सुटलंय ते सुटलंय. जिन्यात भेटेल त्याला धरून व्याख्यान. चवीचं विचाराल तर आंबट खोडरबर. वर मला विचारतात, "जिभेवर शेवटी काय राहतं?" काय राहणार? पश्चात्ताप.

असो. तुमच्याकडे थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि तो संच विकणाऱ्याला जे सुचेल ते सांगा.

तुमची,
भावजय

ता. क. हे शनिवारी तुमच्याकडे येताहेत, तुमच्या स्वयंपाकघरात, तुमच्या देखत चीज करून दाखवायला. दूध उकळू नको असं सांगायच्या भानगडीत पडू नका, ऐकणार नाहीत. थेंब टाकून झाले की कोणाला तरी बेल वाजवायला सांगा आणि दोन लिंबं पिळा. बिया काढून.

आणखी एक ता. क. बियांचं अशासाठी सांगितलं की परवाच्या गोळ्यात एक राहिली होती. कापताना ती यांना दिसली. माझ्याकडे बघितलं, बी खिशात टाकली आणि व्याख्यान पुढे चालू. आज थेंब टाकून झाले तेव्हा बेल वाजली नव्हती. तरी हे उठले, दार उघडलं आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ उंबऱ्यात उभे राहिले.