थंड खोलीतल्या कळ्या

३ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.
आईनं अंथरूण धरलंय, पण जीभ अजून फुलांच्या दुकानातच आहे. काल एका गिऱ्हाइकानं निरोपाची लिली मागितली, तर आतून ओरडली, की ते नाव पानगळीतलं. उन्हाळ्यात नवरीची लिली आणि वसंतात उत्थानलिली म्हणायचं. फूल तेच पांढरं, पण देवापुढे नाव ऋतूप्रमाणेच, हा तिचा हट्ट तुला ठाऊक आहे.

डॉक्टर आता महिन्यांची भाषा करत नाहीत. उत्थानलिली म्हणजे मेलेला उठतो याची खूण, तेवढी एकदा उमललेली बघायची, असं आई म्हणते. कुंड्यांत कळ्या धरल्यात. तुझं नाव काढत नाही, पण दार वाजलं की मान वळवते. सहा वर्षं पुरे झाली रे, ये आता.
तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
चिमणी

९ मार्च

चि. चिमणीस,
अ. उ. आ.
पत्र मिळालं. दुकान सोडलं तेव्हा आईला नको ते बोललो. चूक माझीच.

इथल्या रोपांच्या काचघरात माझ्या कामावर बदली माणूस येईतो हलता येत नाही, सव्वीसला निघतो. तोवर कळ्या उमलू देऊ नकोस. फुगून पांढऱ्या झाल्या की कुंड्या मागच्या थंड खोलीत ने, दहाबारा दिवस थांबतील. आईच्या उशाशी मीच उमलवीन आणि माफी मागीन. पुंकेसरही मीच खुडीन. चादरीवर परागाचा डाग पडला तर पुन्हा घराबाहेर काढेल. तिला यातलं काही बोलू नकोस, चकित होऊ दे.
दोघींवर जीव असलेला,
दादा

२१ मार्च

ती. दादास,
कृ. सा. न. वि. वि.
परवा दुपारी आई गेली. तार केली असती, पण तारेत हे मावलं नसतं.

तुझ्या सांगण्याप्रमाणे कुंड्या थंड खोलीत नेल्या. ती रोज विचारायची, उमलल्या का. मी सांगायची, यंदा थंडी लांबलीय. तुझं येणंही सांगितलं नाही. शेवटच्या सकाळी म्हणाली, दादा असता तर त्यानं एव्हाना फुलवून दाखवल्या असत्या. मी धावत जाऊन कुंड्या चुलीजवळ आणल्या, पण उशीर झाला होता. तुझ्यावर राग आहे, माझ्यावर त्याहून जास्त.

तिच्या अंत्यविधीच्या फुलांच्या चिठ्ठीवर निरोपाची लिली लिहायला हात धजेना. वसंत आहे, ओरडली असती.

आज सकाळी सगळ्या उमलल्या. पुंकेसर तसेच ठेवलेत, तू खुडणार होतास ना.
चिमणी